कार्बन क्रँक घेण्याआधी त्याची बुश बघा

प्रति,
माननीय संपादक साहेब,

विषय: रविवारच्या पुरवणीतला सायकलवरचा लेख आणि त्यातली एक ओळ

नमस्कार. मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत माउंटन बाइकवर अर्धं पान आलं, बघून बरं वाटलं, नाहीतर आपल्या इंदूरच्या पेपरांत सायकल म्हणजे एकतर रॅलीचा फोटो नाहीतर अपघात, तिसरं काही येतच नाही. लेख तसा चांगलाच होता, पण त्यात एक ओळ होती की बजेट असेल तर पहिला अपग्रेड कार्बन क्रँकसेटचा करा, वजन उतरतं आणि पायाची सगळी ताकद चाकात जाते. ती ओळ वाचली आणि माझा चहा हातातच गार झाला. कारण थोड्याफार फरकाने हीच ओळ मी तीन वर्षांपूर्वी वाचली होती आणि तिच्यापायी 18 हजार रुपये आणि एक गुडघा, दोन्ही पणाला लावून बसलो होतो. म्हणून हे पत्र, लांबलंय, कापायचं तर कापा पण मधलं बुशचं, म्हणजे पेडल ज्यात पिळलं जातं त्या धातूच्या नळीचं, जे लिहिलंय ते ठेवा.

आधी ज्यांना क्रँक माहीत नाही त्यांच्यासाठी, पेडल ज्या दांड्याला लावलेलं असतं तो क्रँकचा हात, असे दोन हात, मधे आडवी दांडी म्हणजे एक्सल आणि उजवीकडे चेनची दातेरी चकरी, हा सगळा मिळून क्रँकसेट. बाबांच्या काळ्या सायकलीला हे सगळं लोखंडी होतं आणि हात एक्सलवर एका कॉटर पिनने बसवलेला असायचा. ती पिन झिजली की पेडल खाली येताना मधेच एकदम झोल खायचं, मग रामबागेतला मिस्त्री हातोडीचे दोन ठोके द्यायचा आणि आठ आण्यात काम व्हायचं. आता ते दिवस गेले. आता तोच हात ॲल्युमिनियमचा येतो, आणि हौस असेल तर कार्बनचा, म्हणजे कार्बनच्या तंतूंचे थर चिकटवून केलेला.

माझं वय 49, उंची पाच फूट चार इंच, नोकरी बसून करायची. दर रविवारी आमचं चार-पाच जणांचं टोळकं राजेंद्र नगरहून उजाडायच्या आत निघतं, तेजाजी नगरवरून खंडवा रोड पकडून सिमरोल, तिथून तिंछाकडे कच्च्या रस्त्याने, आणि येताना पोहे-जिलेबी, त्यामुळे जेवढं जाळलं तेवढं परत येतं ते सोडा. सायकल साधी ॲल्युमिनियमची हार्डटेल आहे, म्हणजे पुढे सस्पेन्शन, मागे काही नाही. तर ओळखीच्या ओळखीतून कळलं की एकजण कार्बनचा क्रँकसेट विकतोय, नवा घ्यायला गेलं तर दुप्पट पैसे पडतील, हा 18 हजारात देतोय, दिसायला एकदम नवा. कंपनीचं नाव मी लिहीत नाही कारण दोष कंपनीचा होता असं मला म्हणायचंच नाहीये.

घरी आणला आणि पहिलं काम काय केलं, तर बायकोचा केकचा वजनकाटा काढला. जुना क्रँक ठेवला, नवा ठेवला, फरक 198 ग्रॅम. मी एवढा खुश की हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, म्हणजे एक वाटी भिजवलेले पोहे, आणि गेली आत. तेव्हा राग आला होता, पण नंतर हिशोब केला तेव्हा कळलं की बरोबर बोलली होती. मी 68 किलो, सायकल साडेतेरा, पाण्याची बाटली धरून 82 म्हणा. त्यात 200 ग्रॅम म्हणजे पाव टक्का. चढावर वेळ साधारण वजनाच्या हिशोबात लागतो, मग 20 मिनिटांच्या चढात मला मिळाले तीन सेकंद. घरून निघताना अर्धा लिटर पाणी कमी भरलं असतं तरी सात सेकंद मिळाले असते, फुकट!

आता बसवायची गोष्ट. जुना क्रँक काढला तर नव्याची एक्सल जाड निघाली, जुन्या बॉटम ब्रॅकेटमधे, म्हणजे फ्रेमच्या पोटात जे बेअरिंग असतात त्यांच्यात, ती शिरेचना. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं आणि तुमच्या लेखातही नाही. शिमानो, स्रॅम, रेस फेस या क्रँक बनवणाऱ्या कंपन्या, त्यातल्या शिमानोची एक्सल 24 मिलिमीटरची, स्रॅमची 2018 पासून जी डब नावाची आली ती 28.99 ची, रेस फेसची 30 ची. फ्रेमचं भोक वेगळंच प्रकरण, माझ्यासारख्या फ्रेमला आतून आटे असतात, त्यात बेअरिंगचे कप पिळून बसतात, आणि उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात हे विसरून ज्याने जोर लावला त्याची फ्रेमच गेली. दुसऱ्या प्रकारच्या फ्रेममधे आटेच नसतात, बेअरिंग दाबून बसवतात. त्यातल्या 41 मिलिमीटरवाल्या भोकात 30 ची जाड एक्सल घातली की बेअरिंगच्या छर्‍यांना जागाच उरत नाही, छर्रे बारीक घालावे लागतात, आणि आपल्या माळव्याच्या काळ्या चिखलात बारीक छर्‍यांचं काय होतं ते पावसाळा संपला की कुरकुर ऐकूनच कळतं. तर सांगायचा मुद्दा, क्रँक 18 हजार, त्यावर नवीन बॉटम ब्रॅकेट, त्यावर चकरी, कारण जुनी चकरी नव्या हातावर बसत नव्हती, प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी.

चकरीवरून आठवलं. चकरी आत किती सरकलेली हवी, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून किती मिलिमीटरवर, हा पण एक हिशोब आहे, त्याला चेनलाइन म्हणतात. हल्लीच्या बहुतेक माउंटन बाइकला मागचं चाक बसायची जागा 148 मिलिमीटर रुंद असते, त्याला बूस्ट माप म्हणतात, त्याला चेनलाइन 52 च्या आसपास लागते, स्रॅमच्या ट्रान्समिशन नावाच्या नव्या गियरच्या संचाला 55. जुन्या मापाच्या फ्रेमला यापेक्षा कमी. म्हणून स्रॅमची चकरी घेताना 3 मिलिमीटर ऑफसेट की 6, म्हणजे चकरी किती आत वळलेली, हे विचारावं लागतं, 3 वाली बूस्टची, 6 वाली जुन्या मापाची. चुकलं तर चालतं, पण सगळ्यात मोठ्या गियरवर चेन तिरकी ओढली जाते, आवाज करते आणि दाते खाते. मला नशिबाने बरोबर मिळाली.

बसवायला एका दुकानात नेली, नाव नको. पोरगा चांगला होता, हात पण वेगात, पण टॉर्क रेंच नव्हता. टॉर्क रेंच म्हणजे जो पाना किती जोर लागला ते सांगतो. त्याने पान्याला हातभर लोखंडी पाइप जोडला आणि अंगाचा भार टाकून पेडल कसलं. मी म्हटलं अरे कार्बन आहे. तो म्हणाला, भिया कुछ नी होता, टाइट रेना चइये. ग्रीस लावलं नाही, वॉशर टाकला नाही. काही कंपन्या कार्बनच्या हाताला पेडल लावताना मधे पातळ वॉशर टाकायला सांगतात, म्हणजे पेडलची कड कार्बनमधे रुतत नाही. तो वॉशर डब्यातून मी स्वतः त्याच्या हातात दिला होता, तो त्याने काउंटरवर ठेवला आणि तिथेच राहिला.

सात महिने छान गेले. मग जानापावला गेलो. जानापाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे, 854 मीटर, परशुरामाचं ठिकाण, चंबळ तिथून निघते. सायकल गाडीला बांधून मानपूरपर्यंत नेली आणि तिथून चढायला लागलो. निम्म्यात गेल्यावर टिक, टिक, टिक. फक्त डावा पाय दाबताना. उभं राहून चालवली की जास्त, बसलं की कमी. सोबतचे म्हणाले बॉटम ब्रॅकेट, नवीन आहे ना, सेट होईल. पुढच्या रविवारी बॉटम ब्रॅकेट काढून ग्रीस लावून परत बसवला, आवाज तसाच. मग चकरीचे बोल्ट. मग सीटची दांडी काढली, साफ केली, कारण सायकलचा आवाज फसवतो, सीटमधला आवाज पेडलमधून आल्यासारखा वाटतो. मग पेडल बदलली, दुसऱ्याची लावून बघितली. तीन रविवार याच्यात गेले आणि पोहे पण धड खाता आले नाहीत.

शेवटी आमच्यातले एक काका, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांनी सायकल उलटी केली, डावं पेडल धरलं आणि फिरवायच्या ऐवजी आडवं पिळलं, कपड्याचं पाणी काढतात तसं. मग मला म्हणाले, बोट ठेव. पेडल ज्यात पिळलं जातं तिथे ॲल्युमिनियमची एक बुश असते, कार्बनमधे इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून करतात त्या कडक गोंदाने, चिकटवलेली, कारण कार्बनमधे सरळ आटे पाडले तर दहा वेळा पेडल काढ-घाल केल्यावर ते टिकणार नाहीत. त्या बुशच्या आणि कार्बनच्या मधे मी बोट ठेवलं आणि ती हलत होती. केसाएवढी, पण हलत होती. कडेला गोल काळी रेघ, पेन्सिलच्या भुकटीसारखी, पुसली की जाते आणि शंभर मीटर चालवलं की परत येते. ती भुकटी म्हणजे आतला जोड झिजून बाहेर येत होता. माझं 68 किलोचं वजन प्रत्येक चढावर त्या रेघेवर उभं होतं.

नक्की कशामुळे सुटली ते सांगता येणार नाही. आधीच्या मालकाने सैल पेडलवर चालवली असेल, पाइपचा जोर असेल, तिंछाच्या रस्त्यावर दोनदा पेडल दगडावर आपटलं होतं ते असेल. घाम आणि पाणी त्या फटीत शिरलं तर तेही करतं, कार्बन आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम गंजायला लागतं, म्हणून चांगल्या कंपन्या दोघांच्या मधे काचतंतूचा थर नाहीतर असंच काहीतरी देतात. वॉरंटी पहिल्या मालकाची, माझी नाही. आणि घरी इपॉक्सी भरून परत चिकटवायचा सल्ला पण आला दोघा-तिघांकडून, त्यांना हात जोडले.

आता यावरून कोणी म्हणेल कार्बन वाईट, तर तसं नाही. कार्बनचा हात स्वतः मोडला असं माझ्या बाबतीत झालंच नाही, दगड लागूनही फक्त वरची लाखेची कड गेली. कार्बन धड असेल तर फारसं थकत नाही, ॲल्युमिनियम मात्र वापरून वापरून थकतं, त्याला कधीतरी बारीक चीर जाते. फरक एवढाच की ॲल्युमिनियम बहुतेक वेळा आधी वाकतं नाहीतर चीर दाखवतं, आणि कार्बनवर मार बसला तर वरून काहीच न दिसता आतले थर सुटलेले असू शकतात. त्यासाठी एक रुपयाचं नाणं घेऊन हातावर टकटक करत जायचं, सगळीकडे टणटण आवाज यायला हवा, मधेच कुठे भद्द आलं की शंका घ्यायची. शंकाच हं, खात्री नाही. पण बहुतेक वेळा दगा जोडात असतो, पेडलची बुश आणि एक्सलची बैठक. आणि जोड चिकटवलेला असला की ॲल्युमिनियमही सुटू शकतं. शिमानोने सप्टेंबर 2023 मधे रोड सायकलींचे 11-स्पीडचे, म्हणजे मागे 11 गियर असतात त्यांचे, क्रँक तपासायला परत बोलावले होते, 2012 ते 2019 मधे बनलेले, नुसत्या अमेरिकेतच 6 लाख 80 हजार. ते सगळे ॲल्युमिनियमचे होते, दोन भाग चिकटवून आतून पोकळ केलेले, आणि तो जोड सुटत होता. उलट त्याच शिमानोचा माउंटन बाइकचा सगळ्यात वरचा गट एक्सटीआर, ज्याच्या किमतीत माझी आख्खी सायकल येते, त्याचा क्रँक आजही ॲल्युमिनियमचाच आहे. मग पहिला अपग्रेड कार्बन हे कोणत्या हिशोबाने?

माझा भाचा पुण्यात क्रॉसकंट्री शर्यती करतो, 24 वर्षांचा, 60 किलोचा, त्याने नवा कार्बन क्रँक घेतला आणि बरोबर केलं. त्याची सायकल साडेदहा किलोची, टायर-चाकं आधीच हलकी, त्याला तीन सेकंदाने एक नंबर वर-खाली होतो. बिल त्याच्या नावावर, वॉरंटी त्याची, आणि दर महिन्याला स्वतः टॉर्क रेंच घेऊन बसतो. हाताच्या टोकांना रबरी टोप्या घातल्यात, दगड लागू नये म्हणून, आणि बूट घासतो तिथे पारदर्शक टेप. ती टेप फार लोक लावत नाहीत. चिखल लागलेला बूट क्रँकला घासत राहिला की पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं, आधी लाख जाते मग कार्बन. पण भाच्याला लागू पडलं ते पन्नाशीच्या माणसाला लागू पडत नाही, आणि तुमच्या पुरवणीचे वाचक बहुतेक माझ्या वयाचे आहेत.

आणि सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. एवढं सगळं करून माझा क्रँक चुकीच्या लांबीचा होता! 175 मिलिमीटर. जुना पण 175 होता, म्हणून मी पण 175 घेतला, डोकंच चालवलं नाही. हातावर पेडलच्या मागच्या बाजूला लांबी कोरलेली असते, 165, 170, 175, बघा आज घरी जाऊन. माझ्या उंचीला 175 म्हणजे पेडल वर येताना गुडघा पोटाजवळ येत होता, आणि दोन वर्ष मी डॉक्टरला सांगत होतो की गुडघ्याच्या पुढे दुखतं, तो म्हणायचा सायकल बंद करा. मग 165 चा घेतला, ॲल्युमिनियमचा, नवा, कार्बनच्या निम्म्या किमतीत. पेडल खाली 10 मिलिमीटर कमी जातं म्हणून सीट 10 ने वर केली, आणि वर येताना पण पेडल 10 कमी येतं, म्हणजे सीटच्या मानाने गुडघा 20 मिलिमीटर खाली राहिला. एवढ्याशा फरकाने काय होतं असं वाटतं, पण आता जिना उतरताना कठडा धरत नाही. वरून पेडल जमिनीपासून सेंटिमीटरभर उंच, तिंछाच्या दगडांवर तो सेंटिमीटर पुष्कळ झाला.

लांबी कमी केली तर जोर कमी पडतो असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे, दांडा आखूड तर ताकद जास्त लागणार. पण त्याला साधा उपाय आहे. मी 32 दात्यांची चकरी काढून 30 ची घातली. 175 ला 32 ने भागा, 5.47. 165 ला 30 ने भागा, 5.5. म्हणजे पायाला जोर तेवढाच, उलट कणभर कमी, फक्त पाय थोडे जास्त फिरवायचे. सपाटीवर जोरात जाताना थोडं कमी पडतं, पण जोरात जायचं कुठे आहे मला.

तर तुम्हाला विनंती अशी, की पुढच्या वेळी सायकलच्या सामानावर लेख छापाल तर ग्रॅम आणि किंमत यांच्या आधी लांबी छापा, एक्सलचं माप छापा, आणि सेकंडहँड घेत असाल तर पेडल काढून बुशकडे टॉर्च मारून बघा हे छापा. काळी भुकटी दिसली, किंवा पेडल आडवं पिळल्यावर बुश हलली, तर फुकट दिला तरी घेऊ नका. ऑनलाइन बिननावाचे कार्बन क्रँक येतात, निम्म्याच्याही निम्म्या भावात, त्यांच्यावर सायकलसाठीच्या आयएसओ 4210 या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाचा उल्लेख असेल तर एकवेळ विचार करा, नुसतं विणलेलं काळं कापड दिसतंय म्हणून कार्बन समजू नका, वरचा एक थर कोणालाही चिकटवता येतो.

आणि इंदूरच्या दुकानदारांना, हे तुमच्या पेपरामार्फतच पोचेल म्हणून लिहितो, एक टॉर्क रेंच ठेवा हो. त्याची किंमत एका बऱ्या टायरएवढी. शिमानोच्या डाव्या हाताचे दोन बोल्ट 12 ते 14 न्यूटन मीटर (बोल्ट कसायच्या जोराचं माप), स्रॅमच्या डबचा मोठा बोल्ट 54, हे आकडे त्यांच्याच क्रँकवर किंवा बोल्टवर लिहिलेले असतात, पोरांना वाचायला शिकवा. 12 च्या जागी 40 लावले तर बोल्ट जातो आणि 54 च्या जागी 30 लावले तर हात एक्सलवर खेळायला लागतो आणि बैठक खाऊन टाकतो. बिलावर लिहून द्या कोणता बोल्ट किती कसला. सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या पार्ट्सवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, बिलाची तेवढी ओळ तरी आम्हाला जास्त मिळू द्या.

तो कार्बनचा डावा हात मी फेकला नाही, गॅरेजमधे खिळ्याला टांगलाय, उजवा भाच्याने शोसाठी नेला. कोणी क्रँक बघायला म्हणून आलं की आधी त्याचं बोट त्या बुशवर ठेवतो. परवा शेजारच्यांचा मुलगा आला होता, दहावीतला, त्याने बोट ठेवलं, हलवलं आणि विचारलं, काका याला हातोडीने दोन ठोके देऊन नाही होणार का नीट.

आपला एक जुना वाचक,
राजेंद्र नगर, इंदूर